सांगलीत बोअरच्या पाण्यावर दहा वर्षं टिकेल असं वॉशिंग मशीन कोणतं? घरात चार माणसं.

स्टीलच्या ड्रमचं, ७ किलोचं साधं टॉप लोड घ्या. हीटर, वायफाय वगैरे नको. कुपवाड-विश्रामबाग भागात मशीन दुरुस्तीचंच काम करतो, त्यावरून सांगतो. बोअरच्या जड पाण्यात हीटरवर खडूसारखा पांढरा थर चढतो, नखानं खरवडला तर पापुद्रे निघतात. थर वाढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी हीटर जळतो. हीटरच नसेल तर ती कटकटच नाही. फ्रंट लोड कपडे जास्त स्वच्छ धुतं, पाणीही कमी घेतं, हे खरं. पण त्याचं बेअरिंग गेलं तर बऱ्याच मॉडेलमध्ये टबच बदलावा लागतो, आणि खर्च ऐकून लोक नवीनच घेतात.

‘मोटरला १० वर्षं वॉरंटी’ या पाटीवर जाऊ नका. मोटर सहसा जातच नाही. जातो तो सर्किट बोर्ड, वीज वरखाली झाली की. त्याची वॉरंटी किती आणि सुटे भाग सांगलीत मिळतात का, एवढं दुकानात विचारा. कंपनी कोणती, हे त्यानंतर.

मशीन आलं की:
- पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा. ‘पाणी भरत नाही’ म्हणून येणाऱ्या निम्म्या फोनांना तीच कारण असते.
- साबण गरजेपेक्षा जास्त टाकू नका.

घरी नळाचं पाणी असेल आणि पाण्याला दाब मिळेल अशी टाकी मशीनच्या वर निदान १० फूट असेल, तर फ्रंट लोड घ्यायला हरकत नाही.