बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर नवा मोठा प्लांट उभारणं स्वस्त पडतं का?

वेळ नक्की वाचतो, पैशाचं सांगता येत नाही. तळेगावचंच बघा, जनरल मोटर्सचा प्लांट 2020 च्या शेवटी बंद झाला, तो विकत घ्यायचा ग्रेट वॉल या चिनी कार कंपनीचा सौदा सरकारी मंजुरीत लटकून 2022 ला फिसकटला, मग 2023 मध्ये करार करून ह्युंदाईने जमीन, शेड आणि काही मशिनरी घेतली अन् 2025 ला गाड्या निघायला लागल्या. एमआयडीसीची जागा, रस्ता, वीज, पाणी आयतं मिळालं, चाकणचे सप्लायर बाजूलाच. पण पत्रा दाबायच्या डाय म्हणजे साचे, वेल्डिंग करताना भाग धरून ठेवणारी फिक्स्चर्स गाडीच्या मॉडेलप्रमाणे बदलतात, ती नव्यानेच करावी लागतात. आणि जुन्या कामगारांचा प्रश्न असतोच, तो काय शेडबरोबर विकला जात नाही, तळेगावात तर कोर्टापर्यंत गेला.