लॅटिन मुळांवरून इंग्रजी शब्द: आधी दोनच मुळं घे

भावा, शंभर मुळांची यादी पाठ करायला घेतलीयस ती आधी बाजूला ठेव. दोनच मुळं घे.

ग्रेस म्हणजे पाऊल टाकणं. प्रोग्रेस पुढं, रिग्रेस मागं, डायग्रेस मुद्दा सोडून बाजूला. अ‍ॅग्रेसिव्ह म्हणजे अंगावर चालून जाणारा. मला हा सगळ्यात आवडतो. उपसर्ग ओळखू आले की निम्मं काम झालं.

सीड म्हणजे जाणं: प्रोसीड, रिसीड, एक्सीड.

सुरुवातीला हमखास चुकतं ते असं:
- कानाला सारखं म्हणून मूळ एकच धरणं. ग्रेसफुलचा पावलाशी संबंध नाही, बियाण्याच्या सीडचा जाण्याशी नाही.
- स्पेलिंग. प्रोसीड, एक्सीड, सक्सीड यांत शेवटी दोन ई जोडून येतात, रिसीडमध्ये नाही.
- अर्थ नुसता अंदाजानं लावणं. डिक्शनरी उघडायचीच.

रंकाळ्यावर फिरताना रोज एका शब्दाचं वाक्य मोठ्यानं बोल. जमेल तुला. तिसरं मूळ ‘व्हेन’ म्हणजे येणं, ते पुढच्या महिन्यात बघू.