डावे, उजवे की मधले? माझा राजकीय कल आणि त्यामागची कारणं

तुम्ही विचारलंय, ‘तुम्ही डावे, उजवे की मधले, आणि का?’ शिवाय हेही लिहिलंय की राजकीय कल मोजणारी एक ऑनलाइन चाचणी दिली तेव्हा डाव्या-उजव्याच्या रेषेवर तुमचा ठिपका अगदी मधोमध आला, आणि तेव्हापासून आपल्याला राजकीय मतंच नाहीत की काय अशी शंका येतेय.

माझं उत्तर आधी देऊन टाकते. मी उदारमतवादी आहे, अर्थकारणात डावीकडे झुकलेली आहे आणि बदल किती वेगाने व्हावेत याबाबत बरीच सावध आहे. या तीन गोष्टी एका ठिपक्यात बसत नाहीत.

मधल्या ठिपक्याचं मनावर घेऊ नका. निम्म्या प्रश्नांवर ठाम डावी आणि निम्म्यांवर ठाम उजवी उत्तरं देणारा माणूस मधोमध येतो, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ म्हणणाराही तिथेच येतो. सरासरी काढली की दोघांमधला फरक पुसला जातो. फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकी अभ्यासकाने १९६४ मध्येच दाखवून दिलं होतं की बहुसंख्य मतदारांची मतं एखाद्या विचारसरणीच्या चौकटीत सुसंगतपणे बांधलेली नसतात. तेव्हा तुम्ही एकटे नाही, उलट बहुमतात आहात.

डावं-उजवं हे मुळात एका प्रश्नापुरतं होतं. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नाही यावर वाद पेटला. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधक डाव्या हाताला. आज त्याच रेषेवर आपण कर, धर्म, पर्यावरण, स्थलांतर, शिक्षा, लैंगिकता असं सगळं लादतो. जास्त कर हवेत असं वाटणाऱ्याने फाशीच्या विरोधातच असलं पाहिजे, असं कोणतं तर्कशास्त्र सांगतं? पक्षांनी हे मुद्दे एकत्र बांधले म्हणून ते एकत्र दिसतात.

माझ्या मतांचं मूळ एका काळजीत आहे: जिला जाब विचारता येत नाही अशी सत्ता. ती सरकारची असो, मालकाची असो, नाहीतर समाजातल्या वडीलधाऱ्यांची. अभिव्यक्तिस्वातंत्र्य मी सगळ्यात वर ठेवते ते यामुळेच. ‘आधी लोकांची पोटं भरू द्या, मग स्वातंत्र्याचं बघू’ असं माझ्या बाजूचेच काही लोक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. अमर्त्य सेन यांनी दुष्काळांचा अभ्यास करून मांडलंय की जिथे नियमित निवडणुका होतात आणि वृत्तपत्रं मोकळी असतात, तिथे मोठी भूकबळींची आपत्ती आलेली नाही. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चीनमध्ये कोट्यवधी माणसं उपाशी मेली. चीनमध्ये तर खालचे अधिकारी पिकांचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते आणि त्या आकड्यांवर शेतकऱ्यांकडून धान्य उचललं जात होतं. हे आकडे खोटे आहेत, असं छापायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पोट भरायलासुद्धा बोलण्याचं स्वातंत्र्य लागतं, असं मी ठामपणे मानते.

पण नुसतं ‘कुणी अडवत नाही’ एवढ्यावर मी थांबत नाही, आणि उजव्या उदारमतवाद्यांशी माझं इथेच फाटतं. नोकरी सुटली तर आजारी मुलाचे उपचार थांबतील, या भीतीने जो माणूस वरिष्ठांचा अपमान गिळतो, त्याला कायद्याने राजीनामा द्यायची मुभा आहे. ती त्याच्या काय कामाची? म्हणून आरोग्यसेवा, शाळा आणि म्हातारपणाची तरतूद करांतून व्हावी, आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त द्यावं, असं माझं मत आहे. त्यासाठी माझा स्वतःचा कर वाढला तरी माझी तयारी आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिघांची ताटातूट करता येत नाही असं सांगितलं. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं बहुतेकांवर वर्चस्व, आणि स्वातंत्र्याशिवाय समता व्यक्तीची उमेदच मारून टाकते, असा त्यांचा मुद्दा होता. माझी भूमिका याहून नेमकी मला सांगता येत नाही.

धोरणावरून माणसाची विचारसरणी ओळखायला जाऊ नका, हेही सांगते. कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा १८८३ मध्ये जर्मनीत आणला तो तिथला चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कने. हा कट्टर रूढीवादी, १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी आणणारा. कामगार समाजवाद्यांकडे वळू नयेत हा त्याचा हेतू होता. दुसरीकडे, गरिबांच्या हातात सरकारने थेट रोख रक्कम द्यावी ही कल्पना १९६२ मध्ये जोरकसपणे मांडली ती मिल्टन फ्रीडमन यांनी, म्हणजे मुक्त बाजारपेठेच्या खंद्या पुरस्कर्त्याने. कुणी ‘मी अमुक योजनेच्या बाजूचा’ म्हणालं की मी ‘का?’ विचारते. विचारसरणी त्या ‘का’च्या उत्तरात असते.

आता सावधपणाबद्दल. फ्रेंच क्रांतीवर टीका करताना ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्कने १७९० मध्ये म्हटलं की जुन्या संस्थांमध्ये कित्येक पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो, त्या एका झटक्यात मोडू नयेत. यातलं बरंच मला पटतं. न्यायालयं, विद्यापीठं, निवडणूक यंत्रणा उभ्या राहायला दशकं लागतात आणि मोडायला एक-दोन वर्षं पुरतात. कुणी ‘सगळी व्यवस्थाच उलथून टाका’ म्हणालं, मग ते माझ्या बाजूचं का असेना, की मी मागे सरते. मात्र हाच युक्तिवाद गुलामगिरीच्या बाजूनेही वापरला गेला: घाई नको, समाज तयार नाही, हळूहळू होईल. म्हणून ‘थांबा’ असं कुणी सांगितलं की थांबण्याची किंमत कोण मोजतंय ते मी बघते. सांगणारा स्वतः मोजत असेल तर मी ऐकते. किंमत तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात पडत असेल तर नाही.

फाशीला माझा विरोध आहे, तो याच सत्तेच्या काळजीतून. न्याययंत्रणेकडून चूक झाली तर तुरुंगातून सोडता येतं, फाशी परत घेता येत नाही. अणुऊर्जेच्या आणि नियंत्रित स्थलांतराच्या बाजूची मी आहे, पण ही मतं वरच्याइतकी पक्की नाहीत. चांगला पुरावा समोर आला तर बदलतील. व्याजदर, चलनवाढ यावर माझं मत असं नाहीच, आणि नसण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तुमच्यासाठी एकच सुचवते. त्या चाचणीतल्या ज्या प्रश्नांना तुम्ही क्षणाचाही विचार न करता ‘पूर्ण सहमत’ किंवा ‘पूर्ण असहमत’ म्हणालात, तेवढेच वेगळे काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: माझ्या आवडत्या सरकारने उद्या याच्या उलट केलं, तर मी त्यांना विरोध करेन का? जिथे ‘हो’ येईल ती तुमची मतं. ती कोणती निघाली ते इथे कळवलंत तर मी नक्की वाचेन, आणि जिथे पटणार नाही तिथे वादही घालेन.