पंखा फिरतो, पण पडदा काळाच

प्रश्न : आमचा घरचा संगणक सुटे भाग जोडून घेतलेला असून तो आठ वर्षांचा आहे. पावसाळ्यात आम्ही दीड महिना मुलाकडे राहून परत आलो, तेव्हापासून तो सुरू होत नाही. बटण दाबल्यावर कॅबिनेटवरचा दिवा लागतो, आतले पंखे फिरतात, परंतु मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढेच उमटते आणि मग पडदा काळा पडतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी फोनवरच ‘मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या’ असे सांगितले. नातवंडांचे सगळे फोटो त्यातच आहेत. ते गेले असे समजावे काय? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी फोटोंविषयी. ते हार्ड डिस्कवर असतात आणि मदरबोर्ड खरोखरच जळाला असला, तरी त्यामुळे डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही. डिस्क काढून ‘साटा ते यूएसबी’ अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली, की फोटो उतरवून घेता येतात. डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून स्वतःचा वीजपुरवठा असलेलाच अडॅप्टर घ्यावा. संगणक कोणाच्याही हाती देण्यापूर्वी हे उरकून घ्यावे, कारण ‘फॉरमॅट मारून बघतो’ या एका वाक्याने जेवढे फोटो गेले असतील, तेवढे बिघाडाने गेले नसतील.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. ‘नो सिग्नल’ हा मॉनिटरचा स्वतःचा निरोप असतो. म्हणजे मॉनिटर शाबूत आहे, पण केबलमधून त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही. म्हणून प्रथम केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाच्या खाचेत हवी. झाडलोट करताना निघालेली केबल चुकून मदरबोर्डच्या खाचेत लावली गेली, तरी पडदा असाच काळा राहतो.

केबल ठीक असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीवर जातो. आपल्या पत्रातील ‘दीड महिना’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. रोज वापरातला संगणक आतून कोमट राहतो आणि ओल त्यात टिकत नाही. पण कोकणातल्या पावसाळ्यात तो आठवडेच्या आठवडे बंद राहिला, की रॅमचे सोनेरी दाते आणि ते ज्या खाचेत बसतात तिच्यातील बारीक स्प्रिंगा यांच्यामध्ये धूळ, ओल आणि गंज यांचा अतिशय पातळ थर धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण संपर्क तोडायला पुरतो. रॅम सापडली नाही, तर संगणक पडद्यावर चित्र उमटवण्याच्या टप्प्यापर्यंत जातच नाही. पंख्यांना मात्र थेट एसएमपीएसची (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या पेटीची) वीज मिळत असल्यामुळे ते फिरत राहतात आणि ‘सगळे चालू आहे, फक्त दिसत नाही’ असा आपला समज होतो.

यावरचा उपाय घरच्या घरी करता येतो. भिंतीवरचा खटका बंद करून वायर काढावी आणि कॅबिनेटचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटची बाजूची झाकणी उघडून त्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरेल. खाचेच्या टोकाची चाप बाहेर ढकलली, की रॅमची पट्टी वर येते. ती नेहमी कडेने धरावी. पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने दाते दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसावेत. शाईचे खरखरीत खोडरबर नको, कारण सोन्याचा मुलामा फारच पातळ असतो. हे काम कॅबिनेटपासून दूर करावे. मी स्वतः एकदा आळसाने कॅबिनेटवरच पट्टी घासली आणि खाचेत पडलेला भुगा कोरड्या ब्रशने काढता काढता अर्धा तास घालवला. पट्टी परत बसवताना तिची खोबण जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाबावे. ‘टक्’ असा आवाज होऊन चाप आपोआप मिटली पाहिजे. नवख्या हाताला हा दाब जरा जास्तच वाटतो. पट्ट्या दोन असतील, तर एका वेळी एकच बसवून पाहावे आणि खाचही बदलून पाहावी. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर किमान एक मिनिट वाट पाहावी, कारण रॅमची जागा बदलल्यावर काही मदरबोर्ड ती ओळखायला बराच वेळ घेतात.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्डवर ‘स्पीकर’ असे लिहिलेल्या पिनांना एक छोटा बझर लावावा. अनेक कॅबिनेटांत तो दिलेलाच नसतो. सगळ्या पट्ट्या काढून बटण दाबल्यावर बझर थांबून थांबून वाजू लागला, तर ‘रॅम नाही’ अशी तक्रार करण्याइतके मदरबोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. बझर वाजलाच नाही, तर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा 12 व्होल्टचा जोड सैल नाही ना, हे पाहावे. तो सुटला असला तरी पंखे फिरतात. त्यानंतरच मदरबोर्डचे नाव घ्यावे. फोनवरून हे निदान कसे झाले, ते त्या दुरुस्तीवाल्यांनाच ठाऊक.

पुढच्या पावसाळ्यात घरी कोणी राहत असेल, तर संगणक दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवायला सांगावे. प्लॅस्टिकचे घट्ट आवरण घालू नये. त्यात ओल कोंडते.

प्रश्न : आमच्या संगणकाची तारीख काही महिन्यांपासून रोज सकाळी मागे जात होती आणि एफ1 दाबल्यावर तो सुरू होत असे. आता मात्र काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असे येऊन थांबतो. विंडोज पुन्हा टाकावे लागेल काय? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, त्याचे नाव सीआर2032; त्यातील 20 म्हणजे मिलिमीटरमधील व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. संगणकाला बाहेरून वीज मिळत नसते, तेव्हा हा 3 व्होल्टचा सेल घड्याळ चालवतो आणि अनेक संगणकांत बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रणालीतील, नोंदीही सांभाळतो. आपण रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद करत असाल, तर ती सवय चांगलीच आहे, मात्र तेवढा काळ सगळा भार सेलवर पडतो. तारीख मागे जाणे ही त्याने आधीच दिलेली सूचना होती.

सेल पुरता संपला, की बायोस मूळच्या नोंदींवर परत जाते आणि विंडोज ज्या पद्धतीने बसवलेले असते ती पद्धत, म्हणजे ‘यूईएफआय’ किंवा ‘लेगसी’, बदलून जाऊ शकते. मग विंडोज शाबूत असूनही संगणकाला ते सापडत नाही. वायर काढून सेल बदलावा. अक्षरे असलेली बाजू वर ठेवावी. नंतर सुरू करतानाच डिलीट किंवा एफ2 हे बटण वारंवार दाबून बायोस उघडावे आणि तारीख दुरुस्त करून डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. नाव दिसत असेल, तर बूटची, म्हणजे डिस्कवरून विंडोज सुरू होण्याची, पद्धत आणि क्रम तपासावा. एका वेळी एकच नोंद बदलावी व त्याआधी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नाव दिसतच नसेल, तर डिस्कच्या दोन्ही केबली काढून पुन्हा बसवाव्यात. त्या वेळी डिस्कमधून ‘टिक्-टिक्’ असा ठराविक आवाज येत असेल, तर प्रयोग तेथेच थांबवावेत आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क न्यावी. आणि हो, मागे एखादा पेनड्राइव्ह अडकून राहिलेला नाही ना, हेही पाहावे.

प्रश्न : बटण दाबूनही काहीच होत नाही, पंखासुद्धा फिरत नाही. एसएमपीएस उघडून पाहू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एसएमपीएस उघडू नये. आपल्या 230 व्होल्टच्या विजेवर त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. त्याच प्लगवर टेबललॅम्प लावून वीज येते का, ते पाहावे, एसएमपीएसच्या मागचा खटका रेघेच्या बाजूला आहे का, ते पाहावे आणि मग कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्यावा. वायर काढून, बटणापासून मदरबोर्डपर्यंत आलेली ‘पॉवर स्विच’ची दोन पिनांची जोडणी उपसावी, तिच्या जागी ‘रीसेट’ची जोडणी लावावी आणि वायर जोडून रीसेटचे बटण दाबावे. संगणक सुरू झाला, तर बिघाड फक्त बटणात आहे आणि नवे बटण मिळेपर्यंत रीसेटनेच काम भागवता येईल. तरीही हालचाल नसेल, तर ओळखीच्या कोणाचा चालू एसएमपीएस तासाभरासाठी जोडून पाहावा.