दोन कोसंबींना एक करू नकोस

फोंडा

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयाच्या पुस्तिकेसाठी गोव्यातल्या नामवंतांवर तू लिहिलेली टिपणं वाचली. भाषा साधी आहे, पाल्हाळ कुठेच नाही, शाळकरी मुलांनाही सहज कळेल. पण ‘डी. डी. कोसंबी’ हे टिपण आधी बाजूला काढ. श्रीलंकेत जाऊन श्रामणेर (नवदीक्षित बौद्ध भिक्षू) झालेले आणि टाटा संशोधन संस्थेत गणित करणारे कोसंबी तू एकच धरलेस. ते बापलेक.

धर्मानंद दामोदर हे वडील, दामोदर धर्मानंद हा मुलगा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे इंग्रजी आद्याक्षरं दोघांचीही तीच. वडील १८७६ साली सांखवाळला जन्मले. बुद्धाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत ते श्रीलंकेला पोचले, तिथे पाली शिकले आणि पुढे मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिलं. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. मुलगा १९०७चा, जन्म गोव्यातलाच. त्याने गणित केलं, प्राचीन नाणी तोलून त्यांच्या वजनांवरून इतिहास वाचला, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. जनुकांमधली अंतरं मोजण्याचं १९४४ सालचं त्याचं सूत्र आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. २९ जून १९६६ रोजी तो गेला.

खरी अडचण पुढे आहे. हार्वर्डला दोघेही होते: वडील ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी, मुलगा शिकायला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दोघांनीही शिकवलं, वडिलांनी १९१२ ते १९१८ पाली, मुलाने १९३३पासून गणित. प्राचीन भारत हा दोघांच्याही जिव्हाळ्याचा विषय. म्हणून ‘हार्वर्ड’ किंवा ‘फर्ग्युसन’ एवढ्यावरून माणूस ठरवू नकोस. साल पाहा, विषय पाहा. जुन्या वर्तमानपत्रात ‘प्रा. कोसंबी यांचे व्याख्यान’ एवढंच सापडलं, तर आधी अंकाची तारीख टिपून घे.

मुलाचं लेखन मुख्यतः इंग्रजीत, त्यामुळे जगभर नाव त्याचं झालं आणि वडील नकळत त्याच्या टिपणात विरून जातात. हे मला फार लागतं. पायपीट करून, परक्या देशात नवी लिपी शिकून या माणसाने पाली विद्या महाराष्ट्रात आणली. त्यांना स्वतःचं पान हवंच. दोन्ही टिपणांचे मथळे पूर्ण नावांनी दे आणि प्रत्येकाच्या शेवटी दुसऱ्याकडे बोट दाखवणारी एक ओळ घाल.

चांदर गावच्या दोघांनाही असंच सांभाळ. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) पत्रकार. १९३०मध्ये विधिमंडळात पोर्तुगीजांच्या वसाहत कायद्याविरुद्ध उभे राहिले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा (१८९१–१९५८) यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन केली, आणि १९४६च्या गोवा मुक्तीच्या लढ्यात अटक करून त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात धाडलं गेलं. तू तो तुरुंगवास मिनेझिस ब्रागांझांच्या खात्यावर मांडला आहेस. तेव्हा ते हयातही नव्हते.

गायिका केसरबाई केरकरांच्या टिपणात ‘केरी, गोवा’ एवढंच आहे. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, आपल्या फोंड्यातही आहे. केसरबाई (१८९२–१९७७) फोंड्याच्या. तालुका लिहिलास की प्रश्न मिटला. शिवाय आडनाव केरकर म्हणून कुणालाही त्यांचा नातलग ठरवू नकोस, गावावरून पडलेलं आडनाव गावातल्या कित्येक घरांचं असतं. दीनानाथ मंगेशकर आणि चित्रकार दीनानाथ दलाल यांची टिपणं चोख आहेत, ती तशीच जाऊ देत.

छापखान्यात छायाचित्रं देताना प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने पूर्ण नाव आणि जन्मसाल लिही. नुसतं ‘कोसंबी’ लिहून पाकीट पाठवू नकोस. तिथला माणूस हाताला येईल तो फोटो लावून मोकळा होईल. दुरुस्त टिपणं रविवारी घेऊन ये, आपण दोघं बसून सालं ताडून पाहू.

तुझे,
सर