नवीन बाटलीतला इओसिन फिका येतोय

ऊतींच्या स्लाइड रंगवायची कृती तीच, इओसिनचं वजन तेच, बाटली तेवढी नवीन. हिमॅटॉक्सिलिनने रंगलेली पेशींची केंद्रकं छान निळी, पण इओसिनने गुलाबी व्हायला हवं ते बाकी सगळं फिकं. पुरवठादाराने डुप्लिकेट माल खपवला का, असं तुम्ही विचारलंय.

असेलही. पण भांडायला जाण्याआधी पीएच बघा. इओसिनवर ऋण भार असतो. प्रथिनांच्या अमिनो गटांवर धन भार असला की तो त्यांना धरतो, आणि त्यासाठी द्रावण जरा आंबट लागतं: ४.६ ते ५. वर गेलं की रंग नीट धरत नाही. ग्लेशिअल अ‍ॅसेटिक, म्हणजे तीव्र अ‍ॅसेटिक आम्ल, थेंबाथेंबाने घाला. ४ च्या खाली उतरलात तर रंग गाळ होऊन तळाशी बसतो. माझी अख्खी बरणी अशीच गेलीय.

सकाळच्या स्लाइड चांगल्या आणि दुपारच्या फिक्या असतील तर इओसिन बिचारा निर्दोष. ब्लूइंगचं, म्हणजे इओसिनच्या आधी केंद्रकं निळी करण्याच्या पायरीचं, अल्कलाइन पाणी स्लाइडच्या रॅकबरोबर थोडं थोडं इओसिनमध्ये येतं आणि पीएच चढतो. मधली धुलाई वाढवा. आमच्याकडे दहापैकी सात वेळा हेच निघतं.

आता बाटली. लेबलावर सी.आय. (कलर इंडेक्स, रंगाचा ओळख क्रमांक) ४५३८० असेल तर तो इओसिन वाय. ४५४०० म्हणजे इओसिन बी, त्याची छटा वेगळी. शेजारीच ‘डाय कंटेंट’, म्हणजे भुकटीत खरा रंग किती टक्के, छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. हा रंग १८७०च्या दशकात जर्मनीत कापडासाठी निघाला. भुकटीत रंगाबरोबर मीठ आणि ओलावाही येतो, रंगाऱ्याचं त्याने काही अडत नाही, आपलं अडतं. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाल्यावर अमेरिकेतल्या प्रयोगशाळा याच गोंधळात सापडल्या होत्या. पुढे तिथे बॅच तपासून प्रमाणपत्र देणारं कमिशनच उभं राहिलं. तर, जुन्या बाटलीवर ९०% आणि नवीवर ७५% असेल तर १ ग्रॅमच्या जागी १.२ ग्रॅम घ्या.

इओसिननंतर ७०% अल्कोहोलमध्ये रॅक जास्त वेळ राहू देऊ नका, तिथे इओसिन धुऊन निघतो.

बॅच बदलली की पेशंटच्या स्लाइड लावण्याआधी आतड्याचा एक सेक्शन (पातळ काप) लावून बघा. स्नायू, कोलॅजन आणि तांबड्या रक्तपेशी गुलाबीच्या तीन वेगळ्या छटांत दिसायला हव्यात. तिन्ही एकसारख्या दिसल्या तर पुन्हा पीएच मीटरकडे.