खोक्यावरचा वेग लॅपटॉपात उतरतो का?

प्रश्न : ताई, मी बार्शीत लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. एका लग्नाचा दीड-दोनशे जीबी डेटा होतो. हार्ड डिस्कवर काम फार रेंगाळतं, म्हणून पोर्टेबल एसएसडी घ्यायची आहे. दुकानदार २,००० एमबी वेगाची महागातली घ्या म्हणतो. ऑनलाइन तर १६ टीबीची अडीच हजारांत दिसते. लॅपटॉप २०१९ चा आहे, यूएसबी ३.० चा. अल्बम करणारा मित्र मॅक वापरतो. पैसे वाया जाणार नाहीत अशी कोणती घेऊ?
– एक छायाचित्रकार, बार्शी

उत्तर : दादा, आधी त्या १६ टीबीचा निकाल लावू. अशी एक डबी माझ्या सोलापूरच्या दुकानात आली होती. स्क्रूसुद्धा नव्हते, नखानेच उघडली. आत गोंदाने चिकटवलेलं एक मेमरी कार्ड! आतली कंट्रोलर चिप लॅपटॉपला बेधडक १६ टीबी सांगते, फाइलींची नावंही दिसत राहतात, पण खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. नवरीची हळद सापडते, अक्षता नाहीत. खरी, नावाजलेली ड्राइव्हसुद्धा आणल्यावर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून एकदा पूर्ण भरून तपासा, मगच कामाला घ्या.

आता तुमच्या दुकानदाराचे २,०००. टाकी केवढीही असो, तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली तिच्याच वेगाने भरते. तुमची तोटी यूएसबी ३.०. हिचं बारसं दोनदा झालं, आधी ३.१ जेन १, मग ३.२ जेन १. वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ४००-४५० एमबी हाती लागतात. २,००० मिळायला लॅपटॉपला ३.२ जेन २×२ हे पोर्ट हवं, आणि ते मोजक्याच मशिनांत असतं. मित्राकडेही फायदा नाही, कारण बहुतेक मॅक अशा ड्राइव्हशी १० गिगाबिटनेच, म्हणजे साधारण १,००० एमबीनेच बोलतात. म्हणजे जास्तीचे पैसे तुमच्याकडेही वाया आणि त्याच्याकडेही.

तेव्हा १,०५० एमबीच्या वर्गातली घ्या. आज तुमच्या लॅपटॉपवर निम्मी चालेल, उद्या लॅपटॉप बदललात की पूर्ण. दोनशे जीबी हार्ड डिस्कवर उतरवायला अर्धा तास लागत असेल तर हिच्यावर आठ-दहा मिनिटं. मात्र कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवताना हा चमत्कार दिसणार नाही. साधं कार्ड सेकंदाला ९० एमबीच्या आसपासच देतं, तिथे एसएसडी नुसती वाट बघत बसते. खरा फरक कळेल तो ड्राइव्हवरूनच एडिटिंग करताना.

याच वर्गात एक भेद आहे आणि खोक्यावर तो ठळक छापत नाहीत. काहींच्या मेमरीच्या एकेका पेशीत तीन बिट असतात, त्या टीएलसी. काहींत चार, त्या क्यूएलसी, स्वस्त. खळ्यावरची पोती आधी ओसरीवर उतरवायची, मग सवडीने कणगीत भरायची, तसं या ड्राइव्ह करतात : डेटा आधी वेगवान भागात घेतात, तीच यांची ओसरी. ओसरी भरेपर्यंत दोन्ही सुसाट. ती भरली की क्यूएलसीचा वेग पार हार्ड डिस्कच्या पातळीला येऊ शकतो. कॉलेजच्या पोराला ते कधी कळणारही नाही, पण तुम्ही एका दमात दोनशे जीबी ओतणारे. क्रुशलची एक्स९ क्यूएलसी आहे, एक्स९ प्रो टीएलसी. नावात एका शब्दाचा फरक, वॉरंटीत दोन वर्षांचा : ३ आणि ५. सॅमसंगची टी७ ३ वर्षांची, किंग्स्टनची एक्सएस१००० ५ वर्षांची. टीएलसी आणि ५ वर्षं एकत्र मिळत असतील तर थोडे जास्त मोजा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

१ टीबी पुरे. विंडोज ९३१ जीबी दाखवेल, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. ५०० जीबीची घेऊ नका, प्रत्येक जीबी महाग पडतो.

केबल खोक्यातलीच वापरा. हे मी ठेच खाऊन सांगते. एकदा फोनच्या चार्जिंगची केबल लावून अर्धा दिवस नव्या ड्राइव्हला शिव्या घातल्या. ३५ एमबीच्या वर जाईना! ती केबल यूएसबी २ ची होती.

जुनी हार्ड डिस्क मात्र विकू नका. डिलिव्हरी झालेली लग्नं तिच्यावर हलवा आणि चालू कामाची दुसरी प्रतही तिच्यावरच ठेवा. हार्ड डिस्क बहुधा मरण्याआधी कण्हते, टकटक करते, डेटा काढायला सवड देते. एसएसडी रात्री चालते आणि सकाळी मुकी होते. काउंटरवर गिऱ्हाईक रडताना मी पाहिलंय. शिवाय वर्षानुवर्षं कपाटात विजेविना पडली तर डेटा धरून ठेवणारा तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. जपून ठेवायच्या डेटासाठी ती नाहीच.

मॅकचं सोपं आहे : ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, दोन्हीकडे वाचता-लिहिता येईल. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल उपटायची नाही, एवढं मित्राला बजावा. एक्सफॅट असला झटका सहज सोसत नाही.